हेरोडोटसचं पुढचं पान

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्रीक इतिहासकारांच्या नजरेतले परके’. त्याकडे येतोच. पण एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपतेय, ती आधी बोलू द्या.

एम.ए.ला असताना आम्हाला एक टीप उतरवून दिली होती. ग्रीक म्हणजे कोण? एक रक्त, एक भाषा, सामाईक देवळं नि यज्ञ, सारख्या चालीरीती. खाली लिहिलेलं, ‘हेरोडोटस, खंड आठवा’. हा हेरोडोटस म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. चार मुद्दे, चार गुण. मीही पाठ केलं आणि लिहिलं. हे कोण बोललं, कुणाला, कशासाठी, हे वर्गात एकदाही निघालं नाही. आजही ग्रीकांबद्दल कुठं लेख आला की तेच चार खांब उभे असतात आणि त्यांच्यावर ‘ग्रीक कसे स्वतःला श्रेष्ठ नि बाकीच्यांना रानटी समजत’ हे छप्पर. हा हेरोडोटसवर अन्याय आहे, मंडळी.

त्याचं गाव बघा. हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रम. कॅरियन या ग्रीकेतर लोकांच्या मुलखात वसलेलं ग्रीक शहर, वर सत्ता इराणच्या बादशहाची. वडिलांचं नाव लिक्सेस, तेही कॅरियन वळणाचं मानतात. आता ग्रीक परक्यांना ज्या शब्दानं हाक मारत, तो ‘बार्बारोस’ म्हणजे काय? ज्याचं बोलणं कानाला नुसतं बर-बर लागतं तो. आपली ‘बडबड’ जशी आवाजातून आली, तसंच. संस्कृतात ‘बर्बर’ आहेच. आणि ग्रीकांचा आदिकवी होमर ‘बर्बर बोलणारे’ म्हणतो ते नेमकं कॅरियन लोकांना! याच शहराची राणी आर्टेमिसिया इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीक नि इराणी आरमारांच्या सॅलमिसच्या लढाईत पाच जहाजं घेऊन उतरली, तीही इराणच्या बाजूनं. अशा गावचा माणूस ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांकडे अथेन्सवाल्याच्या नजरेनं कसा बघेल?

त्याची एक गोष्ट मी जाईन तिथं सांगतो. आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐका. इराणचा बादशहा दारयवहु यानं दरबारातल्या ग्रीकांना बोलावून विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं प्रेत खाल? ते म्हणाले, कितीही दिलेत तरी नाही. मग त्यानं कॅलेटिए नावाच्या हिंदी लोकांना बोलावलं. त्यांच्यात मेलेल्या आईबापांना खाण्याची रीत होती, असं हेरोडोटस लिहितो. (खरी होती का, हा वाद इथं नको.) त्यांना विचारलं, काय घेऊन तुम्ही बापाला अग्नी द्याल? ते किंचाळलेच. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांनी वडिलांना अग्नी दिलाय? मी दिलाय. बापाला जाळणं हे कुणाच्या कानाला इतकं भयंकर लागू शकतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

यातला एक तपशील सहसा सुटतो. कॅलेटिएंना विचारलं तेव्हा ग्रीक तिथंच उभे होते, आणि बोलणं त्यांना दुभाष्याकडून कळत होतं. पहिल्यांदा त्या बर-बरीचा अर्थ लागला, आणि अर्थ निघाला तो काय? तुमचंच कर्म अभद्र आहे. हेरोडोटस इथं पिंडार कवीचा आधार घेतो, रीत ही सगळ्यांची राणी. आणि दुसरीकडे सहज नोंदवून जातो की इजिप्तचे लोकसुद्धा आपली भाषा न बोलणाऱ्या सगळ्यांना बर्बर म्हणतात. म्हणजे ग्रीकही आले त्यात! प्लुटार्क या नंतरच्या ग्रीक लेखकानं पुढे त्याला ‘परक्यांचा लाडका’ म्हणून झोडपलं ते याचसाठी.

जाता जाता, ‘यवन’ हा आपला शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरूनच आला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांच्या दानाचे लेख आहेत. पुढच्या वेळी गेलात की शोधा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! मग मूळ मुद्दा भराभर सांगतो.

ते चार खांबांचं वाक्य हेरोडोटसचं स्वतःचं मत म्हणून येत नाही. अथेन्सचे लोक ते स्पार्टाच्या दूतांना सुनावतात. प्रसंग असा की इराणनं ग्रीसवर स्वारी केलीय, आणि अथेन्स इराणशी तह करील या भीतीनं स्पार्टाची झोप उडालीय. आम्ही एका रक्ताचे, आम्ही फितूर होणार नाही, असं अथेन्स म्हणतं. इथं खंड संपतो. आता पान उलटा. इराणी फौज पुन्हा अथेन्समध्ये शिरते, आणि स्पार्टा? हायाकिंथिया सणात नि संयोगभूमीवरची, म्हणजे स्पार्टाच्या मुलखाकडे जाणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरची, भिंत पुरी करण्यात गुंतलेली. अथेन्सच्या दूतांना दहा दिवस ‘उद्या या’ म्हणून ताटकळत ठेवतात. शेवटी दूत म्हणतात, ठीक, आम्ही बादशहाशी हातमिळवणी करतो. रक्त, भाषा, देवळं, सगळं जागेवर असताना! ही दोन दृश्यं हेरोडोटसनं शेजारीशेजारी ठेवलीत, आणि आम्ही पहिल्यावर चार गुण वाटतो.

थ्युसिडिडिस, हेरोडोटसनंतरचा ग्रीक इतिहासकार, त्याचं एकच सांगतो. तो म्हणतो, होमरकडे सगळ्या ग्रीकांना मिळून एक नाव नाही, म्हणून त्यांच्यासमोर ‘बर्बर’ही नाहीत. (कॅरियनांचं ते ‘बर्बर बोलणारे’ आहे, पण ते बोलण्यापुरतं.) दोन्ही नावं मागाहून जोडीनं आली. आणि जुने ग्रीक त्याच्या काळच्या बर्बरांसारखेच राहत होते, असंही तो म्हणतो.

आता शेवटचं. दूतांची धमकी ऐकून स्पार्टाचे अधिकारी शपथेवर सांगतात, आमचं सैन्य रात्रीच निघालंय, परक्यांवर चालून. दूतांना कळेना, हे कोणाबद्दल बोलताहेत? विचारावं लागलं. कारण स्पार्टावाले इराण्यांना ‘बर्बर’ म्हणतच नसत, ‘क्सेनोस’ म्हणत. एकाच भाषेची माणसं, आणि नेमक्या याच शब्दाचा खुलासा लागला! ‘क्सेनोस’चा अर्थ परका, आणि पाहुणासुद्धा. आमच्या गावाकडे एसटीतून अनोळखी माणूस उतरला की पारावरचे म्हातारे अजून विचारतात, “काय पाहुणं, कुणाकडं?”

घंटा झाली. प्रश्न असतील त्यांनी बाहेर चहापाशी गाठा, मी थांबलोय.