कोळसा, साखर आणि लीड्सभोवतीची जुनी घरं

[दृश्य: लाल विटांचं भव्य घर, मधे मोकळं अंगण. कॅमेरा छताच्या कठड्यावर स्थिरावतो.]

छताच्या कठड्याकडे नीट बघा. लांबून नक्षीची जाळी वाटते, पण ती अक्षरं आहेत. घराच्या तिन्ही बाजूंनी एकच लांबलचक वाक्य फिरतं. सुरुवातीला देवाची स्तुती, मग राजाशी इमान, आणि शेवटी : या घरात आरोग्य आणि सुबत्ता नांदो.

हे टेम्पल न्यूसम. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातलं लीड्स हे लोकरीच्या कापडावर वाढलेलं शहर, आणि त्याच्या पूर्वेच्या वेशीवर हे घर. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा नवरा, लॉर्ड डार्नली, याच जागी जन्मला. १६२२ मध्ये सर आर्थर इंग्रम यांनी ते विकत घेतलं. सावकारी आणि जकातवसुली यांतून गबर झालेला हा माणूस. त्याने जुन्या घराचा बराच भाग पाडून नवं बांधलं.

[दृश्य: दिवाणखान्याची भिंत. हाताने रंगवलेला चिनी कागद. अगदी जवळून एक पक्षी.]

या भिंतीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. हा चिनी कागद १८०६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सकडून भेट आला आणि वीसेक वर्षं तसाच पडून राहिला. मग घराच्या तेव्हाच्या मालकीणबाई लेडी हर्टफर्ड यांनी तो भिंतीला लावून घेतला. त्यांना तो थोडा रिकामा वाटला असावा. त्यांनी ऑडुबॉन या चित्रकाराच्या अमेरिकन पक्ष्यांच्या छापील चित्रांतले पक्षी कात्रीने कापले आणि चिनी फांद्यांवर चिकटवले. त्या चित्रसंग्रहाची अख्खी प्रत आज कोट्यवधी रुपयांना जाते. जवळ गेलं की कापलेली कड अजून दिसते.

१९२२ मध्ये घराच्या मालकाने घर आणि सभोवतालचं उद्यान लीड्सच्या महापालिकेला विकलं. दोन्ही जपावं अशी अट त्याने खरेदीखतात घातली. हा मालक म्हणजे एडवर्ड वुड. आत्याकडून त्याला हे घर वारशाने आलं होतं. चार वर्षांनी हाच माणूस लॉर्ड आयर्विन म्हणून हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. मिठाचा सत्याग्रह त्याच्या कारकिर्दीतला, आणि सोलापूरचा मार्शल लॉही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. दोनच आठवड्यांनी गांधीजी त्याच येरवड्यातून सुटले, आणि ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. हे माहीत असलेल्या माणसाला या अंगणात उभं राहून ‘सुबत्ता नांदो’ वाचताना नुसतं सुंदर वाटत नाही.

घराखाली कोळसा होता. १९४० च्या दशकात उघड्या खाणीसाठी उद्यानाचा मोठा भाग खणला गेला. आज जिथे मुलं पतंग उडवतात, तिथलं गवत नंतर लावलेलं आहे.

[दृश्य: शेतं, मधेच एक दगडी कमान.]

टेम्पल न्यूसमला महापालिका भेटली. सगळ्यांचं तसं नशीब नव्हतं. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं तशी शेतजमिनीच्या खंडाची मिळकत आटली. १८९४ पासून मालक मेला की वारसांवर मोठा मृत्युकर बसू लागला. पहिल्या महायुद्धात वारसही गेले आणि नोकरचाकरही. मोठं घर, पोकळ वासा. जवळचं मेथली हॉल १९६३ मध्ये पाडलं. पार्लिंग्टनचं घरही बहुतांशी गेलं, उरली ती ही कमान. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विजय म्हणून, तेही इंग्लंडच्या मातीत, सर थॉमस गॅस्कॉइन यांनी ती उभारली. १७८३ हे साल तिच्यावर कोरलेलं आहे. त्याच घराण्याने लोदरटन हॉल मात्र १९६८ मध्ये लीड्स शहराला दान दिलं.

१९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं. कोसळत्या खांबांवर घरांचे फोटो होते, आणि ध्वनिफितीवर एक आवाज त्यांची नावं एकामागून एक वाचत होता.

[दृश्य: हेअरवुड हाऊस, समोर तळं. मग आतली लांब गॅलरी.]

आता शहराच्या उत्तरेला, हॅरोगेटच्या रस्त्याने. हेअरवुड हाऊस. १७५९ मध्ये पायाभरणी. आराखडा जॉन कार यांचा, आतली सजावट रॉबर्ट ॲडम यांची, तळं आणि हिरवळ ‘केपेबिलिटी’ ब्राउन यांची. फर्निचर थॉमस चिपेनडेल यांचं. ते जवळच्याच ऑटली गावचे.

खिडक्यांवरच्या या झालरी बघा. जड रेशमी कापड, चुण्या पडलेल्या, गोंडे लोंबणारे. हात लावायची परवानगी नाही, पण लावला असता तर बोटांना लाकूड लागलं असतं. कोरून, रंगवून कापडाचा भास आणलेलं लाकूड.

याचे पैसे कुठून आले? कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरून. लॅसेल्स घराणं तिथे जकात, साखर आणि गुलामांचा व्यापार यांत शिरलं, आणि त्या पैशातून हेन्री लॅसेल्स यांनी ही जहागीर घेतली. पुढे गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने भरपाई दिली. ती गुलामांना नाही, मालकांना. याच लॅसेल्स घराण्यातले सरदार, दुसरे अर्ल ऑफ हेअरवुड, यांना साडेबाराशेहून जास्त माणसांच्या बदल्यात सुमारे २६ हजार पौंड मिळाले. त्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही.

१९४७ मध्ये सहावे अर्ल वारले तेव्हा मृत्युकरापायी जमिनीचा मोठा भाग विकावा लागला. घर तगलं. १९८६ पासून ते एका न्यासाकडे आहे.

[दृश्य: भिंतीवर एका कृष्णवर्णीय पुरुषाचं छायाचित्र.]

सरदारांच्या आणि त्यांच्या बायकांच्या तैलचित्रांच्या या घरात २०२३ मध्ये हे छायाचित्र लागलं. अभिनेते डेव्हिड हेअरवुड. त्यांचे पूर्वज बार्बाडोसमध्ये याच घराण्याचे गुलाम होते, आणि आडनाव तिथूनच त्यांच्याकडे आलं.