धुक्याला नको, वाटेला दाखवा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा तोंडावर आला की ट्रेकला जाणारी मंडळी हमखास विचारतात, हेडटॉर्च, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा, कोणता घेऊ? चार्जिंगचाच घ्यायचा हे ठरलेलं असतं, गाडी अडते ती ल्युमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या मापाच्या, आकड्यावर. खोक्यावर ४००, ८००, १००० असं छापलेलं असतं आणि मोठा आकडा तोच चांगला, असं वाटायला लागतं. माझं सांगणं वेगळं आहे. आकडा नंतर बघा, आधी बॅटरी बघा.

उजेड चौपट केला तरी त्याचा पल्ला वाढतो फक्त दुप्पट. बॅटरी मात्र भराभर संपते. रात्री डोंगर चढायला १०० ते २०० ल्युमेन पुष्कळ झाले. डोंगरात पळणाऱ्याला ३००-४०० लागतात, कारण पुढचा दगड त्याला लवकर दिसायला हवा. आणि धुक्यात? धुक्याची गोष्टच ऐका, मला ती सांगायला फार आवडते.

कळसूबाई, १६४६ मीटर, आपल्या राज्याचं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून आम्ही रात्री निघालो होतो, भर पावसाळ्यात. सोबत गावातलेच एक मामा, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात काठी, टॉर्च खिशात. आमच्यातल्या एका मुलाने नवा कोरा हेडटॉर्च आणला होता, १००० ल्युमेनचा. गावाबाहेर पडल्यापासून त्याने तो पूर्ण उजेडावर ठेवला होता. भातखाचरं, बांध, पलीकडची झाडं, सगळं लख्ख दिसत होतं आणि सगळे त्याचं कौतुक करत होते.

पहिल्या लोखंडी शिडीच्या वर धुकं आलं. असं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. त्या मुलासमोर तर पांढरी भिंतच उभी राहिली. तो बटण दाबून उजेड वाढवू पाहत होता, पण उजेड आधीच पूर्ण होता. तो थांबला, त्याच्यामागे अख्खी रांग थांबली. खाली ओला कातळ, बाजूला उतार.

मामा मागून पुढे आले आणि म्हणाले, "आवो, त्यो दिवा कपाळावरनं काढा आन् कमरंला बांधा. धुक्याला नका दावू, वाटंला दावा."

त्यांनी स्वतःच त्या मुलाच्या कपाळावरचा टॉर्च काढला, उजेड सगळ्यात कमी केला आणि पट्टा त्याच्या सॅकच्या कमरपट्ट्याला अडकवला. तत्क्षणी वाट उमटली! प्रत्येक दगडाची सावली पडली, पायरी कुठे संपते ते कळलं. कारण सरळ आहे. दिवा डोळ्यांच्या वर असला की धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. दिवा खाली नेला की तो वाटेवर पडतो. पुन्हा सांगते, धुक्यात उजेड कमी करा आणि दिवा खाली घ्या.

पण पुढे वरच्या शिडीशी तोच टॉर्च विझला. सुरुवातीपासून पूर्ण उजेडावर जळलेला, दुसरं काय होणार? पॉवर बँक होती सॅकमध्ये, पण चार्जिंगच्या खाचेवरची रबरी टोपी उघडी राहून आत पाणी गेलेलं, आणि ओल्या खाचेत वायर घालायची नसते. सेल आतच बसवलेला, त्यामुळे बदलायची सोय नाही. आमच्यातल्याच एका मुलीचा टॉर्चही थोड्या वेळाने मंदावला. तिने झिपच्या पिशवीतून भरलेला सेल काढला, झाकण फिरवलं, सेल बदलला आणि चालू लागली. त्या मुलाला तिच्या आणि मामांच्या मध्ये घेतलं आणि उजाडता उजाडता आम्ही सगळे देवीच्या देवळाशी पोचलो.

म्हणून मी म्हणते, सेल बदलता येणारा टॉर्च घ्या. १८६५० या मापाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, सहज मिळतो. काही टॉर्च चार्जिंगच्या बॅटरीवरही चालतात आणि टीव्हीच्या रिमोटच्या बारीक सेलवरही. तेही उत्तम, ते सेल पायथ्याच्या किराणा दुकानात बहुधा असतात.

खोक्यावरचे "४० तास" जपून वाचा. ते बहुधा सगळ्यात मंद उजेडाचे असतात. शिवाय कंपन्या ज्या एफएल-१ मानकाने मोजतात, त्यात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. तुम्ही चालणार त्या उजेडावर किती तास, तो आकडा शोधा.

पावसाचं म्हणाल तर आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसणारा, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. सह्याद्रीच्या पावसाला मी सातच म्हणेन. पळणाऱ्यांनी वजन बघावं, १०० ग्रॅमच्या आतलं. नाहीतर दर पावलागणिक दिवा कपाळावर आपटतो.

टॉर्चमध्ये लाल दिवाही हवाच. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एका क्षणात ती सवय घालवतो. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथे पांढरा दिवा लावूच नका. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात. लाल दिवाही जमिनीकडे, गरजेपुरताच. आणि हो, स्पीकरवर गाणी लावून शिड्यांच्या रांगेत उभं राहणं आता बंद व्हायला हवं. वरून दगड सुटला तर "दगड!" ही हाक खाली कशी ऐकू जाणार?

दुकानात टॉर्च डोक्यावर चढवा, मान जोरात हलवा, ओल्या बोटांनी बटण दाबून बघा. बटणाला लॉक आहे का विचारा, नाहीतर सॅकमध्ये दाबला जाऊन घरून निघालेला भरलेला टॉर्च पायथ्याशी रिकामा निघतो. आणि ट्रेकचा मोसम संपला की सेल अर्धा भरून, काढून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामा ठेवलात तर पुढच्या जूनला तो कदाचित चार्जच घेणार नाही.