सिडकोचा जुना फ्लॅट: पैसा कुठे अडतो, पाणी कुठे मुरतं

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको. तिथली नेरुळ, वाशी, सानपाडा. इथल्या जुन्या सेक्टरांतल्या बऱ्याच इमारतींनी तिशी ओलांडली आहे. असा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी विकत घ्यायचा, तर पहिला हिशोब टाइलचा नव्हे, हातातल्या रोकडीचा.

किंमत 60 लाख धरू. बँक जास्तीत जास्त 80 टक्के देईल, म्हणजे 48 लाख. पण कशाच्या 80 टक्के? करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने (मूल्यांकन करणाऱ्याने) काढलेली किंमत, यांत जी कमी तिच्या. व्हॅल्युएशन 56 लाख आलं की कर्ज 44 लाख 80 हजारांवर येतं आणि वरचे 3 लाख 20 हजार आपल्याच खिशातून जातात. त्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 4 लाख 20 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. सिडकोचं ट्रान्सफर शुल्क, फ्लॅट नावावर करण्याचा सोसायटीचा प्रीमियम, एजंटची दलाली वेगळीच. दुरुस्तीचे पैसे याच कर्जातून सुटतील, हा भरवसा नको.

इमारतीचं वय पाहून बँक मुदतही छाटते. साडेआठ टक्क्यांनी 48 लाखांचा हप्ता 20 वर्षांसाठी साधारण 41,650 रुपये. मुदत 12 वर्षं झाली की 53,300. भाड्याचं गणित इथेच कोसळतं. म्हणून टोकन, म्हणजे बयाणा, देण्याआधी बँकेकडून मुदत विचारून घ्या आणि सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर ते उत्तरच समजा.

आता बाथरूममध्ये येऊ. मॉड्युलर किचन नंतर झालं तरी चालतं, हे नाही.

इथला स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल भरलेला. टाइलच्या फटींतून पाणी आत जातं, भरावात साठून राहतं आणि स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोचतं. लोखंड गंजून फुगतं, काँक्रीटचे पोपडे खालच्या घरात पडतात. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवणारा मिस्त्री स्वस्तात काम करतो खरा, पण ओल जागच्या जागी ठेवून जातो.

भराव थेट स्लॅबपर्यंत काढायचा. उघडं पडलेलं लोखंड तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) झाकायचं. जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकायचे, आणि भिंत बुजवण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट घ्यायची, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती पाहायची. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यांत सिमेंटची गोलाई काढून वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, पहिला वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेने. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जाण्याचं जाळीखालचं भांडं, नीट पाहा: त्याची मान आणि काँक्रीट यांच्यामध्ये बारीक फट असते. कोट नीट लावूनही गळतं ते बहुतेक इथूनच. इथे नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आकसणारा माल) भरूनच कोट चढवायचा.

मग ट्रॅपला बूच मारून तीन-चार इंच पाणी 48 तास भरून ठेवा. या दोन दिवसांत गवंडी घाई करणारच, बसून राहिल्याने त्याची मजुरी बुडते. त्याचं ऐकू नका. खालच्या शेजाऱ्यांना विचारून त्यांचं छत स्वतः बघून या. कोरडं असेल तरच भराव आणि टाइल. टाइलचा उतार ट्रॅपकडे, दर मीटरला एक सेंटीमीटर.