पाऊस किती ते नको, कधी आला ते सांगा

नमस्कार मंडळी. पाऊस किती झाला हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगतंय, पण बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या द्राक्षवाल्याला विचारा, तो म्हणणार, किती ते राहू दे, कधी आला ते बोल. आज जरा वाईनच्या द्राक्षाचं बोलूया, पिणारे-न पिणारे सगळ्यांनी ऐकायला हरकत नाही.

फ्रान्समध्ये थंडीत वेलाची पानं झडतात, वेल झोपतोय, छाटणी एकदाच, आणि माल निघतो ऑगस्ट ते ऑक्टोबर. 2021 च्या एप्रिलमध्ये तिथं कोवळ्या फुटीवर दंव गोठलं, लोकांनी रात्रभर बागेत मेणबत्त्या पेटवल्या तरी लई नुकसान झालं. 2003 ला उलटं, उष्णतेची लाट आली आणि बर्गंडीत ऑगस्टमध्येच काढणी सुरू.

आपल्याकडं वेल झोपतच नाही की हो! म्हणून एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठी वेल मागं छाटायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी फळछाटणी, म्हणजे मान्सून चुकवून जानेवारी ते मार्चमध्ये माल पिकतोय. आपल्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसात असला नाद कुणी करू नये, पण अथणीच्या कोरड्या पट्ट्यात जमतंय. तरी परतीचा पाऊस लांबला आणि वेल पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, किंवा फुलोऱ्यात सापडला की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडकुज सुरूच. पुढं थंडीत ढग आले की भुरी, ही पण बुरशीच, आणि भुरीचा माल वाईनमध्ये गेला तर वास बिघडतोय, तो लपत नाही.

आता खरी गंमत. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायचा असतोय, जीएत, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात, घड बुडवतात, वाईनला मात्र मणी बारीकच बरा, कारण काळ्या द्राक्षाचा रंग आणि बराचसा स्वाद सालीत असतोय. गोडी 22-24 ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) पाहिजे, आणि सोबत आंबटपणा पण टिकला पाहिजे, नाहीतर वाईन नुसती सपक लागते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की दोन्ही जमतंय. रात्री उबदार झाल्या की वेल मणीतलं आम्ल जाळत बसतोय, म्हणून मार्चचा चटका बेदाणावाल्याला सोन्यासारखा आणि वाईनवाल्याच्या पोटात गोळा, दोघं शेजारीच असले तरी! काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की दोघंही बुडाले, मणी पाणी पिऊन तडकतोय, गोडी उतरते, आणि शेडवरचा बेदाणा काळा पडतोय.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. फेब्रुवारीत घड कमी दिसले की सगळे ऑक्टोबरच्या पावसाला शिव्या देतात, पण घड काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, तयार होतोय तो खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे मे-जूनमध्ये. तेव्हा आभाळ भरलेलं राहिलं, काडीला ऊन मिळालं नाही की डोळे वांझ, म्हणजे बिनघडाचे, निघतात, मग ऑक्टोबरात कितीही चांगली छाटणी करा. म्हणून खरडीनंतर फुटी विरळ करताना मजुरीचा हिशोब नका करू, काडीवर ऊन पडू द्या.