एक्क्याण्णव फरशांचा सोपा

श्रोतेहो, नमस्कार. गणित शिकवायला उभं राहिलं की हात आपोआप खडूकडे जातो, आणि रेडिओवर तर फळाच नाही. म्हणून दहावीच्या मुलामुलींनो, वही मिटा, डोळेही मिटा आणि नुसतं ऐका.

आपल्या सांगलीकडे जुन्या घराला पुढच्या बाजूला सोपा, म्हणजे ओसरी असते. अशाच एका सोप्याला फूट बाय फुटाच्या बरोबर ९१ फरशा लागल्या. लांबी रुंदीपेक्षा ६ फूट जास्त. मग रुंदी किती? तिला एक्स म्हणू. एक्स वर्ग अधिक सहा एक्स बरोबर ९१. झालं वर्गसमीकरण.

आता मनातल्या मनात सोपा दोन भागांत बघा. एक्स बाय एक्सचा चौरस आणि त्याच्या अंगाला ६ फुटांची पट्टी. त्या पट्टीतल्या निम्म्या, म्हणजे ३ फूट रुंदीच्या फरशा उचला आणि चौरसाच्या दुसऱ्या अंगाला लावा. दोन्हीकडे तीन-तीन फूट झाले. सगळा आकार चौरस व्हायला आला, फक्त एक कोपरा मोकळा राहिला. केवढा? ३ बाय ३. तिथे नव्या ९ फरशा बसवा. ९१ आणि ९, शंभर. शंभर फरशांच्या चौरसाची बाजू १०. त्यातून वाढवलेले ३ काढा, रुंदी ७. लांबी १३. तेरा साती एक्क्याण्णव!

पुस्तकात हिला पूर्ण वर्ग पद्धत म्हणतात. वर्गात ती घाईघाईने उरकली जाते आणि मुलांना सूत्र पाठ करायला सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण सूत्र म्हणजे हाच सोपा. एक्स वर्गाला गुणणारी संख्या ए आणि एक्सला गुणणारी बी म्हटली, तर त्यातला ‘उणे बी’ निम्मी पट्टी हलवण्यातून आलाय आणि वर्गमुळाखालचा ‘बी वर्ग’ त्या मोकळ्या कोपऱ्यातून.

एक्सचा सहगुणक विषम असला तर निम्मं करताना फरशी फोडावी लागते, अपूर्णांक येतो. त्यावर जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची सुंदर युक्ती आहे: आधी दोन्ही बाजूंना चार ए ने गुणा, मग बी वर्ग मिळवा. ११५० साली गणिती भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती श्रीधरांचं नाव घेऊन दिली.

आणि दुसरं मूळ? १०० चं वर्गमूळ उणे १० सुद्धा असतं, म्हणून एक्स उणे १३ ही येतो. रुंदी ऋण नसते, म्हणून आपण तो सोडतो. पण तो आकडा नीट बघा, सोप्याची लांबी १३ च होती!

भास्कराचार्यांचं माकडांचं उदाहरण याच जातीचं. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून जे उरलं, त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप किती? उत्तरं दोन: ५० आणि ५. कळप ५ चा धरला तर एकातून तीन जाऊन उणे दोन उरतात. वर्ग ४, फांदीवरचं १, बेरीज जुळते. तरी त्यांनी ५ नाकारले, कारण अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. परीक्षेत ‘रुंदी ऋण नसते’ हे वाक्य लिहाल, तेव्हा तुम्ही तेच करत असता.

आता वही उघडा. कळप एक्स धरून माकडांचं समीकरण मांडा; ते २५ ने गुणून आवरलंत की एक्स वर्ग उणे ५५ एक्स अधिक २५० बरोबर शून्य मिळेल. ५५ विषम आहे, तेव्हा श्रीधराचार्यांच्या वाटेने जा. वर्गमूळ ४५ आलं, की बरोबर चाललाय असं समजा.