पटलातले पाणी आणि पंख्याचा वेग

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आपल्या बडोद्याला लागून असलेल्या कोयलीच्या रिफायनरीत हायड्रोजन तयार होतो आणि इंधनातले गंधक काढण्यासाठी तिथल्या तिथे वापरलाही जातो. हाच वायू न जाळता त्यापासून थेट वीज घेता येते, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवून दिले होते. आज मी अशा इंधनघटाविषयी आणि त्याचे व्होल्टेज आधीच ओळखून पंख्याचा वेग ठरवण्यासाठी आम्ही वापरलेल्या न्यूरल नेटवर्कविषयी, म्हणजे नोंदींवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय गणिताविषयी, बोलणार आहे. या घटात प्लॅटिनमयुक्त दोन थरांच्या मधोमध पॉलिमरचे पातळ पटल असते. एका बाजूने हायड्रोजन आत येतो आणि दुसऱ्या बाजूने एक पंखा बाहेरची साधी हवा ओढून घेतो. प्रोटॉन पटलातून पार जातात, इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशातच आपल्याला वीज मिळते.

एका घटाचे सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ असते, भार टाकला की ते ०.६५ च्या आसपास उतरते, म्हणून एकाला एक जोडलेल्या २४ घटांचा संच, म्हणजे स्टॅक, सुमारे १५.६ व्होल्ट देतो. व्होल्टेज असे का उतरते, हे आपल्याला ठाऊक आहे. काही व्होल्टेज अभिक्रिया चालू ठेवण्यात जाते, काही पटलाच्या रोधात, आणि प्रवाह फार वाढला तर वायू वेळेवर पोचत नाही म्हणून आणखी काही. पहिल्या भागाचे समीकरण रसायनशास्त्रज्ञ टाफेल यांनी १९०५ सालीच मांडले. मग न्यूरल नेटवर्कची गरज काय, असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: पाणी.

पटल ओले असेल तरच त्यातून प्रोटॉन नीट वाहतात, आणि जास्त ओले झाले तर हवेच्या वाटाच बुजतात. चालत्या स्टॅकमधल्या प्रत्येक पटलात या क्षणी किती पाणी आहे, हे सांगणारा साधा, स्वस्त संवेदक उपलब्ध नाही. त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात. आमच्या स्टॅकमध्ये हायड्रोजनच्या बाजूचे टोक बंद ठेवलेले असते. तिथे पाणी आणि पटलातून झिरपलेला नायट्रोजन साचत जातो, व्होल्टेज हळूहळू खाली येते, मग झडप टक् करून क्षणभर उघडते, नळीच्या तोंडाशी एखादा थेंब दिसतो आणि व्होल्टेज एकदम वर उडी मारते. पडद्यावरचा आलेख अगदी करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. त्या दात्यांच्या उतारात पटलाची सारी हकिकत असते, पण ती समीकरणात बसवताना इतके गुणांक अंदाजाने धरावे लागतात की हातात फारसे काही उरत नाही.

म्हणून आम्ही नेटवर्क बांधले. प्रवाह, स्टॅकचे तापमान, पंख्याचा वेग, बाहेरच्या हवेचे तापमान व आर्द्रता आणि मागच्या काही सेकंदांचे व्होल्टेज आत द्यायचे, पुढच्या सेकंदाचे व्होल्टेज बाहेर घ्यायचे. या मांडणीचा पाया कुंपती नरेंद्र आणि पार्थसारथी यांनी १९९० साली घातला, आणि त्यांनी केलेला एक भेद माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: मागचे व्होल्टेज म्हणून मोजलेला आकडा द्यायचा, की नेटवर्कने स्वतःच काढलेला? मोजलेला दिला तर नेटवर्क फार हुशार वाटते, कारण व्होल्टेज मुळातच संथ बदलते आणि मागचाच आकडा पुन्हा सांगितला तरी चूक नगण्य येते. स्वतःचा आकडा परत देऊन दहा मिनिटे मोकळे सोडले, की खरी पारख होते.

ही पारख आम्ही उशिरा केली. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या नोंदींवर शिकवलेले नेटवर्क मे महिन्याच्या दुपारी साफ चुकले. हिशोब साधा आहे. ०.६५ व्होल्टवर चालणाऱ्या घटात हायड्रोजनच्या ऊर्जेपैकी निम्मीच वीज होते, उरलेली उष्णता पंख्याने बाहेर काढायची असते. स्टॅक ६० अंशांवर ठेवायचा आणि जानेवारीच्या सकाळी हवा २० अंशांवर असेल, तर फरक ४० अंशांचा. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली की तोच फरक १८ वर येतो आणि तेवढीच उष्णता नेण्यासाठी दुपटीहून जास्त हवा लागते. ती कोरडी, तापलेली हवा पटलातले पाणी उडवून नेते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते आणि पंखा आणखी जोरात फिरू लागतो. नेटवर्कने हे चक्र कधी पाहिलेच नव्हते, आणि न पाहिलेल्या प्रदेशात ते तितक्याच ठामपणे उत्तर देते.

त्यानंतर आम्ही कामाची वाटणी केली. उष्णतेचा ताळेबंद आणि टाफेलचे समीकरण भौतिकशास्त्रानेच सांभाळायचे. नेटवर्कने फक्त समीकरण आणि मोजमाप यांतली तफावत शिकायची. अनोळखी हवामानातही मूळ समीकरण मग पाठीशी उभे असते. नियंत्रणासाठी समीकरण आणि नेटवर्क यांचे हे जोडप्रतिमान पंख्याचे वेगवेगळे वेग धरून पुढची काही मिनिटे आधीच चालवून पाहते आणि त्यांतला सर्वांत हितकारक वेग निवडते. काही मिनिटे अशासाठी की पंखा वाढवला की स्टॅक लवकर थंडावतो, पण पटल कोरडे पडल्याचा परिणाम सावकाश उमटतो. वीस सेकंदच पुढे पाहणारा नियंत्रक तात्पुरत्या सुधारणेला भुलतो. तापमानाची कमाल आणि प्रत्येक घटाच्या व्होल्टेजची किमान मर्यादा मात्र नेटवर्कच्या हाती दिलेली नाही. ती ओलांडली तर भार तोडणारे सर्किट स्वतंत्र आहे, आणि ते तसेच राहावे असा माझा आग्रह आहे.

आता आमच्या नोंदींत हिवाळा आहे, उन्हाळा आहे, पावसाळा नाही. आषाढातल्या सकाळी, दमट हवेत आणि कमी भारावर, पाणी उडत नाही, साचते. करवतीचे दाते तेव्हा जवळजवळ येतील, असा माझा अंदाज आहे. त्या नोंदी घेण्यासाठी स्टॅक खिडकीजवळच्या टेबलावर हलवला आहे.