बोलता बोलता गप्प झालेली बाई

नमस्कार मंडळी. मी भूल देणारी डॉक्टर, म्हणजे सिझर झाल्यावर पेढे सर्जनच्या हातात पडतात ना, तेव्हा कोपऱ्यात पंपाची नळी गुंडाळत उभी असते ती. असो.

आज बोलायचंय बीपीबद्दल. सिझरसाठी पाठीत इंजेक्शन दिलं की कमरेखालचं अंग बधिर होतं, पण त्याबरोबर पायांतल्या रक्तवाहिन्याही सैल पडतात, रक्त खालीच रेंगाळतं, हृदयाकडे कमी येतं आणि बीपी घसरतं. त्यात बाई उताणी असली की भरल्या पोटाचं वजन आतल्या मोठ्या शिरेवर. आईचं बीपी पडलं की बाळाकडचं रक्तही कमी होतं, म्हणून आमची धावपळ.

एकदा रात्री एक बाई आली, दुसरं बाळंतपण, आणि बोलकी इतकी की पाठीत सुई जाताना सुद्धा मला डिंकाचे लाडू सांगत होती. पोटाचं वजन त्या शिरेवरून सरकावं म्हणून मी उजव्या कुशीखाली चादरीची गुंडाळी सरकवली, सलाईन जोरात सोडलं, बीपी दर मिनिटाला लावलं. ती म्हणतेय, "मॅडम, खारीक कुटायची, डिंक तुपात फुलवायचा, आणि खोबरं..." आणि गप्प. मी म्हटलं, खोबरं काय? उत्तर नाही, एक मोठी जांभई, मग हळूच, "मळमळतंय हो." मशीनचा पट्टा अजून फुगतच होता, पण मी आकड्याची वाट पाहिली नाही. फिनाइलएफ्रिन, म्हणजे बीपी चढवायचं औषध, दिलं, आणि बघते तर ती गुंडाळी टेबल हलवताना सरकून भलतीकडेच गेलेली! ती परत लावली. आकडा आला, वरचा ७८. पुढच्या मिनिटाला ९६, मग ११०. आणि बाई म्हणते कशी, "आधी भाजायचं, मग किसायचं नाही, उलटं, आधी किसायचं मग भाजायचं." सगळं ऑपरेशन थिएटर हसलं.



तर मळमळ, बीपी पडत असल्याची खूण. परत सांगते, मळमळ. टेबलावर मळमळलं, जांभया आल्या, डोकं हलकं वाटलं तर लगेच बोला, "डॉक्टरांना त्रास नको" म्हणून दात आवळून पडू नका. हल्ली आम्ही बीपी पडायची वाटच बघत नाही, सुई झाल्या झाल्या पंपातून औषध सुरू करतो, २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही तेच सांगितलंय, वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांच्या वर ठेवायचं. म्हणजे मूळ १२० असेल तर १०८. नुसत्या सलाईननं भागत नाही, औषध लागतं.

आणि नातेवाइकांनो, उपाशी ठेवा म्हटलं की उपाशीच ठेवा, गुपचूप चहा-बिस्कीट नको. उलटी बीपीमुळे की बिस्किटामुळे हे शोधत बसायला मला तेव्हा वेळ नसतो.